पट्टीचं ऑपरेशन होऊनही परत लघवी सुटतेय, दुसऱ्यांदा करावं का? (सोलापूर)

टॉवेलवाली_सोलापूर
नमस्कार, नाव सांगत नाही, वय ४९, सोलापूर. हा विषय घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथं लिहितेय, कुणी हसू नका.
२०१७ ला माझं ऑपरेशन झालं. अंग बाहेर यायचं आणि खोकलं शिंकलं की लघवी सुटायची. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले गर्भपिशवी काढू आणि त्याच भुलीत लघवीचं पण करून टाकू, म्हणजे लघवीच्या नळीला खालून आधाराची पट्टी बसवू. झालं. पुढची चार वर्षं इतकी छान गेली की मी विसरूनच गेले होते, गड्ड्याच्या जत्रेला सुनेसोबत मोठ्या पाळण्यात बसले, मनसोक्त ओरडले, काही नाही. मग हळूहळू थेंब थेंब सुरू झालं आणि गेल्या दीड वर्षात तर फारच. शिंक आली, जोरात हसू आलं, जिना चढले की गेलंच. मी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात जाते, मशीनवर बसल्यावर काही होत नाही पण कटिंगचा गठ्ठा उचलून आणायला उठलं की झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाण्याची रात्र. आमच्याकडे पाच दिवसाआड पाणी, ते पण रात्री दोन अडीचला, तेव्हा घागरी बादल्या उचलून वरच्या टाकीत ओतेपर्यंत परकर पूर्ण ओला झालेला असतो, अंधार असतो म्हणून बरं.
पॅड रोज परवडत नाहीत. टॉवेलचा डागी माल किलोवर मिळतो आपल्याकडं, त्याचे चौकोन कापून कडा ओव्हरलॉक करून घेतल्यात, दिवसाला चार लागतात. घरात सांगितलंय की मशीन पुसायला आहेत.
आता दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले पट्टी सैल झाली असेल, दुसरी घालू, अर्ध्या तासाचं काम आहे, पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा. तपासणी म्हणाल तर टेबलवर झोपवून एकदा खोकायला लावलं, बास. नणंद म्हणते दुसऱ्यांदा केलेलं कुणाचंच टिकत नाही, आणि ती जाळी आत सडते म्हणे. मला शुगर नाही, बीपीची गोळी चालू आहे दीड दोन वर्षं झाली, आणि कोरडा खोकला आहे तो काही केल्या जात नाही, कारखान्यात कापसाचा धुरळा असतो त्याचा असेल. खोकला आला की तर विचारूच नका.
दुसऱ्यांदा कुणी केलंय का? टिकतं का? खरं सांगा.

कडक_भाकरी
ताई एकट्या नाही तुम्ही, आमच्या भिशीत नऊ जणी आहोत, विषय निघाला तर पाच जणी हो म्हणाल्या. ऑपरेशनच्या नादी लागू नका, माझं असं मत. पाणी कमी प्यायचं, बाहेर जायच्या आधी दोन तास तर अजिबात नाही, आणि अर्ध्या तासाला जाऊन यायचं. मी असंच चालवते दहा वर्षं झाली. तुळजापूरला पण जाऊन येते बसनं.

दोनदा_झालेली
मी केलंय दोनदा. पंढरपूरची आहे मी. पहिलं २०१४ ला, मांड्यांच्या बाजूनं जाळीची पट्टी घालतात ते, टीओटी म्हणतात. साडेतीन वर्षांनी परत गळायला लागलं. मला पण एका ठिकाणी लगेच दुसरी पट्टी घालू म्हणाले होते. मी पुण्याला गेले, तिथल्या मॅडमनी आधी तारीखच दिली नाही, म्हणाल्या आधी तपासण्या.
आता त्या तपासणीचं सांगते कारण मला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मी घाबरून आदल्या रात्री जेवले नव्हते. युरोडायनॅमिक नाव. लघवीच्या जागेतून एक बारीक नळी आत, दुसरी मागच्या वाटेनं, मग नळीतून सलाईनचं पाणी हळूहळू मूत्राशयात सोडतात आणि विचारत राहतात, आता लागल्यासारखं वाटतंय का, आता घाई वाटतीय का. मग म्हणतात खोका. अजून जोरात खोका. समोर कॉम्प्युटरवर रेषा पळत असतात. दुखत नाही फारसं, लाज वाटते, पण ती सिस्टर इतकी निवांत होती की तिच्यासाठी रोजचंच काम. अर्धा पाऊण तासात मोकळी. त्यात कळलं की माझ्या लघवीच्या नळीचा झाकणाचा भागच ढिला होता, खालून नुसता आधार देऊन भागणार नव्हतं, म्हणून पहिली पट्टी जागेवर असून पण उपयोग नव्हता.
मग २०१९ ला दुसरं केलं, त्यात जाळी नाही, माझ्याच पोटाच्या स्नायूवरचा पांढरा जाड पडदा असतो त्याची पट्टी कापून घेतली आणि नळीखालून झोळीसारखी घातली. सिझरचा असतो तसा आडवा टाका आहे पोटावर. हे अर्ध्या तासाचं काम नाही हं. चार दिवस दवाखान्यात, नंतर लघवी उतरेना म्हणून नळी घेऊनच घरी आले, बारा दिवस पिशवी लावून. नळी काढल्यावर पण पूर्ण रिकामं होईना मग त्यांनी स्वतःच्या हातानं बारीक नळी घालून रिकामं करायला शिकवलं, आरसा घेऊन. रडले त्या दिवशी. महिनाभरात गरज संपली. अजून पण धार बारीक आहे, एकदा करून उठायचं, परत बसायचं, पुढं वाकायचं, मग पूर्ण होतं. पहिल्या वर्षात दोनदा इन्फेक्शन झालं.
पण गळणं? पाच वर्षं झाली, सर्दी झाली तर एखादा थेंब. वारीच्या गर्दीत घरी चाळीस माणसांचा स्वयंपाक करते, पॅड नाही. परत करशील का म्हणाल तर हो करीन. पण ते बारा दिवस आधी माहीत असते तर बरं झालं असतं.

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड
मी पुरुष आहे, इथं लिहावं का नाही कळत नव्हतं. माझ्या बायकोचं असंच होतं आणि मला दोन वर्षं पत्ताच नव्हता, मला वाटायचं लग्नाकार्याला यायचा कंटाळा करते, चिडायचो तिच्यावर. ताई तुमच्या मिस्टरांना सांगा एकदा. घागरी उचलायचं काम तरी कुणीतरी करेल ना.

फिजिओ_जुळेसोलापूर
कडक_भाकरी ताई, राग मानू नका पण पाणी कमी करू नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाची आग होते, घाई वाढते, इन्फेक्शन होतं, आणि बद्धकोष्ठ झालं की कुंथून कुंथून खालचे स्नायू आणखी ताणतात. आणि अर्ध्या तासाला जायची सवय लावली की मूत्राशय थोडं पण धरून ठेवायला विसरतं. चहा मात्र कमी करा, सहा कप पिऊन मग घाई लागते म्हणणाऱ्या रोज भेटतात मला.
टॉवेलवाली ताई, पहिल्या ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर कुणी व्यायाम शिकवला होता का? शिकवला म्हणजे कागद दिला असं नाही, आत बोट ठेवून बघितलं का की बरोबर स्नायू आवळला जातोय? बऱ्याच बायका पोट आणि मांड्या आवळतात, श्वास रोखतात, उलट खाली जोर देतात. केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ साली हे मांडलं, काही नवीन फॅड नाही. वारा सुटायला नको म्हणून आवळतो ना तसं मागून पुढं आणि वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा. एका वेळी आठ दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि असं किमान तीन महिने. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देतात सगळ्या. लघवी मध्येच थांबवून बघायचं ते फक्त एकदा, स्नायू ओळखायला, रोजचा व्यायाम म्हणून नाही.
अजून एक युक्ती, शिंक येतीय असं नाकात वाटलं की आधी आवळायचं आणि मग शिंकायचं. गठ्ठा उचलताना पण, आधी आवळा, मग उचला. एवढ्यानं पण टॉवेल कमी होतात, बघा करून. ऑपरेशन झालेल्यांनी पण करायचं, त्यांचे स्नायू काही डॉक्टरनी काढून नेलेले नसतात 🙂

लेडीडॉक्टर_मूळसोलापूर
मी स्त्रीरोगतज्ज्ञ, माहेर सोलापूर, आता पुण्यात. इथं वाचून कुणाला ऑपरेशन करा किंवा करू नका सांगता येत नाही, पण प्रश्नात दोन गोष्टी दिसल्या त्या सांगते.
पहिली, तो खोकला. बीपीची गोळी दीड दोन वर्षं, गळणं वाढलं दीड वर्षं, कोरडा खोकला जात नाही. गोळीच्या पाकिटावर नाव बघा, शेवटी "प्रिल" आहे का, रॅमिप्रिल, एनालाप्रिल असं काही. त्या गटाच्या गोळ्यांनी काही जणांना असाच कोरडा चिवट खोकला लागतो, कफ सिरप पिऊन जात नाही, गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो. स्वतःच्या मनानं बंद मात्र करू नका, ज्यांनी दिली त्यांना खोकला सांगा, ते दुसऱ्या गटातली देतील. दिवसात शंभर वेळा खोकणाऱ्या बाईला नवी पट्टी घालून काय करायचं, ती पण ताणणारच. धुरळ्याचा असेल तर मास्क लावा, आणि छातीचा एक्सरे राहिला असेल तर तो पण करून घ्या.
दुसरी गोष्ट, पहिल्या वेळी नक्की काय केलं होतं? "पट्टी" हा शब्द तुमचा की कागदावरचा? डिस्चार्ज कार्ड आणि मिळालं तर ऑपरेशनची नोट शोधा. पट्टी म्हणजे जाळीची असेल तर बहुतेक वेळा तिच्या पाकिटाचा स्टिकर फाइलला चिकटवलेला असतो, कंपनी, नंबर सगळं. ती कुठून घातली, ओटीपोटाच्या हाडामागून की मांडीच्या बाजूनं, हे कळल्याशिवाय दुसऱ्या ऑपरेशनचं बोलणंच अर्धवट. जुनी पट्टी आत सरकली, घुसली आहे का हे दुर्बिणीतून बघावं लागतं. लघवीत रक्त, सारखं इन्फेक्शन, संबंधाच्या वेळी दुखणं किंवा मिस्टरांना टोचल्यासारखं होणं, अंगावरून जाणं, यातलं काही असेल तर ते आधी सांगा.
मग गळतं कसं ते. खोकल्या शिंकल्यावर गळणं वेगळं, आणि घाई लागून बाथरूमच्या दारापर्यंत पोचेपर्यंत सुटणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला पट्टी उपयोगाची नाही, उलट वाढू शकतं, त्याला गोळ्या आणि सवयी. कित्येकींना दोन्ही मिसळून असतं. तिसरा प्रकार, मूत्राशय पूर्ण रिकामंच होत नाही आणि भरून वाहतं, ते लघवी केल्यावर सोनोग्राफीत किती उरली बघून कळतं. आणि रात्रंदिवस, झोपेत पण, संततधार गळत असेल तर आत छिद्र पडलेलं नाही ना बघावं लागतं. म्हणून तीन दिवस एका वहीत लिहा, किती वाजता किती प्यायलं, किती वाजता गेले, कधी सुटली, सुटली तेव्हा काय करत होते. जुनं मापाचं भांडं बाथरूममध्ये ठेवा. लघवीची तपासणी तर पाहिजेच. आणि एकदा ऑपरेशन फसलं असेल तर दुसऱ्याच्या आधी युरोडायनॅमिक करून घ्यावं हे मी स्पष्ट सांगते, पहिल्या वेळी नाही केलं तरी एकवेळ चालतं, दुसऱ्या वेळी नाही.
टिकतं का? दुसऱ्यांदाचा निकाल पहिल्याइतका चांगला नसतो हे खरं. नणंद म्हणतात तसं "कुणाचंच टिकत नाही" हे खोटं. कुठलं दुसरं ऑपरेशन सगळ्यात भारी, यावर समोरासमोर तुलना केलेले चांगले अभ्यास फार थोडे आहेत, त्यामुळे छातीठोक सांगणाऱ्यापासून जरा जपून. साधारण विचार असा असतो: मांडीच्या बाजूची फसली असेल तर ओटीपोटाच्या हाडामागून जाणारी, नळीचं झाकण कमजोर असेल तर स्वतःच्या पडद्याची झोळी, जशी पंढरपूरच्या ताईंची. त्या झोळीबद्दल २००७ साली अमेरिकेतला ६५५ बायकांचा अभ्यास आला, पोटातून टाके घालून वर बांधायच्या जुन्या पद्धतीशी तुलना होती. दोन वर्षांनी खोकल्याचं गळणं बंद झालेल्या झोळीत ६६ टक्के, जुन्या पद्धतीत ४९. पण झोळीवाल्यांना इन्फेक्शन जास्त, लघवी उतरायला त्रास जास्त. त्यातल्या बहुतेकींचं ते पहिलंच ऑपरेशन होतं हे पण लक्षात ठेवा. नळीच्या कडेला जेलचं इंजेक्शन देऊन ती जाड करतात तो पण एक पर्याय, लहान काम, पण असर ओसरतो आणि परत द्यावं लागू शकतं.
जाळीच्या भीतीबद्दल. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ ला या पट्ट्या घालणं थांबवलं, अमेरिकेत एप्रिल २०१९ ला अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून घालायच्या मोठ्या जाळीची विक्री बंद केली. अमेरिकेतल्या त्या बंदीत लघवीची बारीक पट्टी नव्हती. त्या सडत नाहीत, पण काही जणींना आत घासून उघड्या पडतात, दुखतात, आणि काढणं घालण्यापेक्षा फार अवघड. म्हणून घालायच्या आधी प्रश्न विचारायचा हक्क आहे तुम्हाला.
वजन जास्त असेल तर तेही. सहा महिन्यांत ८ टक्के वजन उतरलेल्या बायकांचं गळणं जवळजवळ निम्म्यावर आलेलं एका अभ्यासात दिसलं होतं. ७५ किलोच्या बाईला म्हणजे सहा किलो.

टॉवेलवाली_सोलापूर
बाई गं. एवढं सगळं लिहिलंत, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं, दोनदा.
काल रात्री पत्र्याची पेटी काढली, रेशनकार्ड, पोरांचे दाखले, एलआयसीच्या खाली फाइल मिळाली. स्टिकर कुठंच नाही. डिस्चार्ज कार्डवर इंग्लिशमध्ये आहे, पोरीनं वाचून दाखवलं, तसंच टाइप करते: व्ही एच विथ अँटेरिअर कॉल्पोराफी विथ केलीज स्टिच, पोस्टेरिअर रिपेअर. पट्टी, स्लिंग, मेश असं काहीच लिहिलेलं नाही. पोरीला सगळं सांगावं लागलं त्यासाठी. ती म्हणाली आई ते टॉवेल मला केव्हाचे माहितीयत.
आणि गोळी रॅमिप्रिलच आहे.

लेडीडॉक्टर_मूळसोलापूर
मला हीच शंका होती. म्हणजे तुम्हाला पट्टी घातलेलीच नाही. पिशवी खालून काढली, पुढची मागची भिंत टाके घालून आवळली, आणि मूत्राशयाच्या तोंडाखाली एक दोन टाके घातले, तेच केलीज स्टिच, शंभर वर्षांपूर्वीची पद्धत. अंग बाहेर यायचं त्याला समोरची भिंत शिवणं ठीक आहे, पण लघवी सुटण्यासाठी ते टाके फार वर्षं साथ देत नाहीत, तुम्हाला चार वर्षं मिळाली हेच चांगलं म्हणायचं. बोलताना कुणीतरी "आधार देतो, पट्टी मारल्यासारखं" म्हणालं असेल आणि डोक्यात तेच बसलं. मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, नीट सांगितलं नाही हे मात्र खरं.
याचा अर्थ तुमच्या आताच्या डॉक्टरांना हे कार्ड दाखवा. ते "सैल झालेली पट्टी" गृहीत धरून बोलतायत आणि ती अस्तित्वातच नाही. तुमचं दुसरं ऑपरेशन हे खरं तर लघवीच्या पट्टीचं पहिलं असेल. जुनी जाळी आत नाही हे चांगलं. पण भिंत एकदा शिवलेली आहे, आत व्रण असणार, शिवाय अंग परत खाली येतंय का तेही बघायला हवं, म्हणून साधी पहिल्या वेळेची केस पण नाही. तपासणी तेवढीच लागेल. आधी गोळी, खोकला, व्यायाम. घाई कशाचीच नाही, हा काही जिवावरचा आजार नाही, तारीख तुमच्या सोयीनं.

बिडीवाली_की_लेक
मधेच विचारते, माझी आई विडी वळते, ६३ वय, तंबाखूच्या धुळीनं तिला कायम खोकला, हेच सगळं होतं तिला. खर्चाचं काय? महात्मा फुले योजनेत बसतं का?

लेडीडॉक्टर_मूळसोलापूर
योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असतो, रेशनकार्ड आधार घेऊन जा आणि ऑपरेशनचं नाव कागदावर लिहून विचारा, तोंडी "लघवीचं" म्हणालात तर नीट उत्तर मिळत नाही. आईचं आधी सिव्हिलला दाखवा, छातीचा एक्सरे, थुंकीची तपासणी. ६३ वयाला योनीमार्गात लावायचं हार्मोनचं मलम डॉक्टर देतात कधीकधी, घाई आणि आग त्यानं कमी होते. पण खोकल्याचं आधी.

टॉवेलवाली_सोलापूर
सात आठवड्यांनी लिहितेय, विचारलं होतं कुणी कुणी म्हणून.
बीपीच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, टेल्मिसार्टन दिली. तिसऱ्या आठवड्यात खोकला गेला, खरंच गेला, मला रात्री शांत झोप लागल्यावर मिस्टर उठून बघायला आले काय झालं म्हणून. चार टॉवेलवरून दीड वर आलेय. फिजिओकडं तीनदा गेले, पहिल्यांदा कळलं की मी इतकी वर्षं पोटच आवळत होते. वही पण लिहिली तीन दिवस, त्यात असं निघालं की घाईचं सुटणं माझं अगदी थोडं, बाकी सगळं उचलण्याचं आणि शिंकेचं. आणि चहा सात कप, ते लिहिल्यावर माझी मलाच लाज वाटली.
कार्ड घेऊन त्याच डॉक्टरांकडं परत गेले होते. वाचून जरा गप्प बसले आणि म्हणाले बरं झालं आणलंत. युरोडायनॅमिकची चिठ्ठी दिली, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन आले, पोरगी सोबत होती. पंढरपूरच्या ताई, तुम्ही सांगितलं होतं तस्संच, सिस्टर पण निवांत. झाकण ठीक आहे म्हणाले, आधारच कमी आहे. पट्टी घालायची असेल तर घालता येईल, नाही घातली तरी चालेल, तुम्ही ठरवा म्हणाले. एवढ्या वर्षांत "तुम्ही ठरवा" पहिल्यांदा ऐकलं.
मी सध्या काही ठरवलं नाही. आता शाळांचा सीझन आहे, जूनपर्यंत मान वर करायला वेळ नाही, आणि फिजिओनी तीन महिने सांगितलेत ते पण तेव्हाच पूर्ण होतात. दीडचा एक झाला तर बघू, नाही झाला तर जुलैत पट्टी घालून घेईन, मग दीड महिना काही उचलायचं नाही म्हणतात, तर कारखान्यात आत्ताच सांगून ठेवलंय.
मिस्टरांना सांगितलं. एमआयडीसीवाल्या भाऊंचं वाचून. ते काही बोलले नाहीत, रविवारी जाऊन छोटी मोटर आणि वीस फूट पाइप घेऊन आले, आता नळाचं पाणी थेट टाकीत चढतं. आज पाण्याचा वार आहे, दोनला उठायचंय, पण फक्त बटण दाबायला.